श्रमहर म्हणण्यापूर्वी श्रम मोजावा

हिंगोली जिल्ह्यात वैद्यकव्यवसाय करणाऱ्या आम्हां सर्वांना पहाटेचे एक दृश्य आता चांगलेच परिचयाचे झाले आहे. औंढा नागनाथच्या परिसरातील टेकड्यांवर, कळमनुरी व सेनगाव तालुक्यांतील मुरमाड वाटांवर, उजाडण्यापूर्वीच तरुण मुले-मुली धावू लागतात. त्यांतील बहुसंख्य सैन्य अथवा पोलीस भरतीची तयारी करीत असतात. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोली येथेच असल्याने त्या गणवेशाचे आकर्षण इकडे विशेष आहे, आणि त्या बलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावण्याची कसोटी असते. यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक वर्ग दिसू लागला आहे. सह्याद्रीत सिंहगड-राजगड-तोरणा यांसारख्या डोंगरवाटांवर ज्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यती होतात, ज्यांना ट्रेल रनिंग म्हणतात, त्यांची तयारी करणारे शिक्षक, बँक कर्मचारी, कृषी सहायक आणि क्वचित आमचे वैद्यबंधूही आपल्या टेकड्यांवर सराव करताना आढळतात.

ही मंडळी आमच्याकडे येतात ती मांड्या भरून आल्या, पोटऱ्यांत गोळे आले, जिना उतरवेना अशा तक्रारी घेऊन. आम्ही अभ्यंग करतो, विश्रांती सांगतो, मनुका-खजूर सुचवितो, एखादा कल्प देतो. तीन-चार दिवसांत रुग्ण हसतमुखाने परत येतो आणि आम्ही मनोमन गुण आपल्या औषधाच्या खात्यावर जमा करतो. हे खाते तपासण्याची वेळ आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. श्रम किती होता आणि किती उरला हे मोजल्यावाचून कोणत्याही उपचारास श्रमहर म्हणण्याचा अधिकार आपणांस पोचत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, न मोजता दिलेला सल्ला रुग्णाचे प्रत्यक्ष नुकसान करू शकतो. तसे नुकसान आमच्या हातून घडले आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आमचीच एक चूक

औंढा तालुक्यातील एक २२ वर्षांचा उमेदवार काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात आला. मैदानी चाचणीस आठ दिवस उरले असता त्याने उत्साहाच्या भरात एका टेकडीवरून वेगाने उतरण्याच्या दहा फेऱ्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या इतक्या आखडल्या की त्याला उकिडवे बसता येईना. आम्ही सलग तीन दिवस अभ्यंग केला, पूर्ण विश्रांती दिली, स्निग्ध व लघु आहार दिला. चौथ्या दिवशी वेदना नाहीशी झाली. मांडी दाबून पाहिली तरी तो हं की चूं करीना. आम्ही समाधानाने सांगितले, "आता धावायला हरकत नाही."

चाचणीत तो त्याच्या नेहमीच्या वेळेच्या बराच मागे राहिला. वयोमर्यादेत बसणारी संधी हातची गेली. पुढे भेटला तेव्हा त्याने आम्हांस दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, "सर, दुखत नव्हतं. पण पायात जोरच नव्हता." हे वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. आम्ही त्याची वेदना विचारली होती, बळ पाहिले नव्हते. वेदना गेली म्हणजे बळ परतले, असे आम्ही गृहीत धरले होते आणि ते गृहीतक चुकीचे होते.

वेदना आणि दौर्बल्य

हे गृहीतक का चुकते, ते समजून घेणे आवश्यक आहे. चढ चढताना मांडीचे पुढील स्नायू आखूड होत होत काम करतात. उतार उतरताना मात्र तेच स्नायू शरीराचा भार आवरून धरीत ताणले जातात. ताण सोसत लांब होणारा स्नायू श्वासाने फारसा थकत नाही, पण त्याच्या सूक्ष्म तंतूंची वीण विस्कटते. म्हणूनच उतारावर धावणाऱ्यास दम कमी लागतो आणि इजा अधिक होते. सपाट मैदानावर सराव केलेला धावपटू डोंगरवाटेवर फसतो तो बहुधा उतरतानाच.

अशा श्रमानंतरची वेदना त्याच दिवशी नव्हे, तर २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिखरास पोहोचते आणि नंतर आपोआप ओसरते. स्नायूचे बळ मात्र श्रम होताक्षणीच घटते आणि इजा तीव्र असल्यास वेदना मावळल्यावरही कित्येक दिवस, प्रसंगी आठवड्याहून अधिक काळ, पूर्ववत होत नाही. वेदनेचा आणि दौर्बल्याचा कालक्रम असा निरनिराळा आहे. आमचा उमेदवार या दोहोंमधील फटीत सापडला.

येथे आणखी एका रूढ समजुतीचे निरसन करावयास हवे. मर्दनाने "लॅक्टिक ॲसिड बाहेर पडते" असे अनेक पत्रकांतून, क्वचित आपल्या संघटनेच्या शिबिरांतूनही सांगितले जाते. वस्तुतः तीव्र धावण्याने रक्तात वाढलेले लॅक्टेट सुमारे तासाभरात स्वाभाविक पातळीवर येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे ते कारणच नव्हे. अभ्यंगाने रुग्णास बरे वाटते हे खरे आहे. त्यासाठी खोट्या कारणाचा आधार घेण्याची गरज नाही.

मोजमापाचा इतिहास

स्नायूंचा थकवा मोजण्याचे शास्त्र तसे जुने आहे. इटलीतील तुरीन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एर्गोग्राफ नावाचे उपकरण तयार केले. मधल्या बोटाने ठरावीक वजन पुनःपुन्हा उचलावयाचे आणि प्रत्येक वेळी ते किती उंच उचलले गेले त्याची रेषा उमटवावयाची, अशी त्याची रचना होती. त्यांचा थकव्यावरील ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घ तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांच्या बोटांचे बळही घटलेले आढळते, असे त्यांनी नोंदविले. म्हणजे हाताने काही काम केले नसतानाही बोट थकले होते. थकवा केवळ स्नायूत नसतो, मेंदूकडून स्नायूस मिळणाऱ्या प्रेरणेतही असतो, या विचाराचे मूळ येथे आहे.

आज या दोन घटकांना वेगळे करता येते. रुग्णास पूर्ण जोर लावावयास सांगून त्याच क्षणी संबंधित मज्जातंतूस विद्युत्प्रेरणा देतात. तिने बळात आणखी भर पडली, तर मेंदू स्नायूस पूर्णपणे वापरीत नव्हता असे ठरते. भर न पडता बळच कमी भरले, तर दोष स्नायूत आहे असे समजतात. फ्रान्समधील माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या १६६ किलोमीटरच्या, एकूण सुमारे ९,५०० मीटर चढाच्या शर्यतीत धावपटूंची अशी तपासणी करण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुडघा ताठ करणाऱ्या स्नायूंचे बळ सुमारे ३५ टक्क्यांनी, तर पोटरीच्या स्नायूंचे सुमारे ३९ टक्क्यांनी घटलेले आढळले. ही घट मेंदू व स्नायू या दोहोंकडून आलेली होती आणि ती भरून येण्यास सुमारे दोन आठवडे लागले.

याहून उद्बोधक निष्कर्ष पुढे आला. इटलीतील आओस्ता खोऱ्यात ३३० किलोमीटरची, सुमारे २४,००० मीटर चढाची आणखी कठीण शर्यत होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील धावपटूंच्या बळाची घट तुलनेने कमी, सुमारे एक चतुर्थांश इतकीच दिसली. अंतर दुप्पट असताना थकवा कमी कसा? धावपटूंनी पल्ला ओळखून आरंभापासूनच वेग आवरला होता, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. यावरून एवढे निश्चित होते की, किती किलोमीटर धावला यावरून किती थकला हे ठरत नाही. थकवा हा त्या व्यक्तीत मोजावा लागतो.

संहितांतील आधार

व्यक्तीत मोजावयाचे हे तत्त्व आपणांस परके नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात रुग्णाच्या दशविध परीक्षा सांगितल्या आहेत. त्यांत प्रमाण आणि व्यायामशक्ती या दोन्हींचा स्वतंत्र निर्देश आहे. व्यायामशक्ती ही कर्मशक्तीवरून, म्हणजे प्रत्यक्ष काम करण्याच्या सामर्थ्यावरून ओळखावी आणि तिचे प्रवर, मध्य, अवर असे तीन विभाग करावेत, असा आचार्यांचा आशय आहे. येथे रुग्णाच्या सांगण्यावर नव्हे, तर त्याच्या कर्मावर भर आहे, हे लक्षात घ्यावे. आमच्याकडून चूक झाली ती नेमकी येथेच.

त्याच अध्यायात शरीरावयवांची मापे दिली आहेत, ती अंगुलांत आणि तीही ज्याच्या त्याच्या स्वतःच्या अंगुलांत. एका पुरुषाची अंगुले दुसऱ्यास लावावयाची नाहीत. आमच्या मते थकव्याच्या मोजमापाचे यापेक्षा नेमके सूत्र सापडणे कठीण आहे. नर्सीचा मुलगा साताऱ्याच्या मुलापेक्षा किती उंच उडी मारतो हे वैद्याला जाणून घ्यावयाचे नाही. तो काल स्वतः किती मारीत होता आणि आज किती मारतो, एवढेच जाणावयाचे आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्धशक्ती व्यायामाची मर्यादा घातली आहे. हृदयस्थित वायू मुखावाटे येऊ लागणे, हे तिचे गमक सांगितले आहे. कपाळ, नाक, काखा येथे घाम आणि मुखशोष हीही लक्षणे परंपरेने मानली जातात. आजचे क्रीडावैद्यक धावताना सहज बोलता येणे कोठे थांबते, यावरून श्रमाची पातळी ठरविते. हे साम्य लक्षणीय आहे. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हेही आम्ही त्याच श्वासात सांगू इच्छितो. शरीरस्थानात वर्णिलेला क्लम, म्हणजे आयासावाचून व श्वास न लागता जाणवणारा थकवा, आणि आधुनिकांचा मेंदूजन्य थकवा एकच आहेत, असे छातीठोकपणे सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. दोन्हींची तुलना करावयाची असेल, तर आधी दोन्ही मोजली पाहिजेत.

चिकित्सालयात काय करता येईल

विद्युत्प्रेरणेची उपकरणे आपल्या जिल्ह्यातील चिकित्सालयांत येणार नाहीत, आणि त्यांची आवश्यकताही नाही. भिंत, खडू, मोजपट्टी, घड्याळ, वजनकाटा आणि वही एवढ्या साहित्यावर पुष्कळ काही साधते.

पहिले माप उडीचे. धावपटूने भिंतीशेजारी उभे राहून हात वर करावा आणि खडू लावलेल्या बोटाने खूण करावी. मग गुडघे वाकवून जागच्या जागी शक्य तितकी उंच उडी मारून दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर म्हणजे उडीची उंची. तीन उड्यांतील सर्वोत्तम धरावी. अमेरिकेतील डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही वापरात आहे. ज्यांना उडी मारणे योग्य नाही, त्यांना खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठबस करावयास सांगून लागलेला वेळ सेकंदांत नोंदवावा. तीव्र वेदना वा सूज असताना दोन्ही चाचण्या टाळाव्यात.

दुसरे माप जाणिवेचे. धावून झाल्यावर सुमारे अर्ध्या तासाने धावपटूने एकूण श्रमास ० ते १० यांपैकी एक अंक द्यावा आणि त्यास धावण्याच्या मिनिटांनी गुणावे. ६० मिनिटे धावून ७ अंक दिला, तर त्या दिवसाचा भार ४२० झाला. आठवड्याची बेरीज एकदम फुगली, तर वैद्याने वेळीच सावध व्हावे. अंक देणे म्हणजे रुग्णाची प्रश्नपरीक्षाच आहे, फक्त ती लिहून ठेवलेली आहे.

तिसरे माप पहाटेचे. अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडीगती, शौचानंतरचे वजन, झोपेचे तास आणि मूत्राचा रंग. यांस दोन मिनिटे पुरतात.

या सर्वांत कळीची गोष्ट अशी की, पहिली मापे धावपटू निरोगी व विश्रांत असताना घ्यावीत, आणि ती एकदा नव्हे तर किमान तीन-चार निरनिराळ्या दिवशी. समजा, एखाद्याची उडी या दिवसांत ४४ ते ४७ सेंटिमीटरच्या दरम्यान राहिली. मग शर्यतीनंतर ती ४५ भरली, तर त्यावरून काहीच सांगता येत नाही. पण ३९ भरली, तर ती खरी घट समजावी आणि वेदना असो वा नसो, त्यास उतारावर धावू देऊ नये. शर्यतीनंतर २४, ४८ व ७२ तासांनी आणि सातव्या दिवशी माप घ्यावे. उडी पूर्वस्थितीच्या कक्षेत येईपर्यंत पूर्ण जोराचा सराव नको, हा साधा नियम आम्ही त्या उमेदवारास लावला असता, तर किमान खोटी हमी तरी दिली नसती. त्या चाचणीस जावे की न जावे, गेलाच तर कितपत जोर करावा, याचा निर्णय त्याने डोळसपणे घेतला असता.

रक्तातील क्रिएटिन कायनेझ तपासण्याचा आग्रह काही जण धरतात. स्नायूंची इजा झाल्यावर हे द्रव्य वाढते हे खरे. परंतु ते एक ते चार दिवसांनी शिखरास जाते, सारख्याच श्रमानंतर दोन व्यक्तींत त्यात प्रचंड तफावत पडते, आणि बळाच्या घटीशी त्याचे नाते सैल आहे. गंभीर इजेची शंका असता ते अवश्य करावे. नित्याच्या मोजणीसाठी खडूची खूण अधिक उपयुक्त आहे.

गुण कोणाचा?

आता औषधांकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात श्रमहर गणातील दहा द्रव्ये दिली आहेत: द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक. या यादीकडे पाहिले असता तिच्यात मधुर फळे, ऊस आणि धान्येच भरलेली दिसतात. दीर्घ धावण्याने स्नायूंतील शर्करेचा साठा संपतो आणि तो भरून काढण्यास अशाच आहाराची गरज असते, हे आज सर्वमान्य आहे. तरीही या गणाने बळ किती लवकर परतते, हे आपल्यापैकी कितीजणांनी मोजले आहे?

मोजताना दोन सापळे टाळावे लागतील. पहिला म्हणजे, स्नायूंचे असे दुखणे औषधावाचूनही बरे होते. चौथ्या दिवशी जो बरा होणारच होता, त्यास पहिल्या दिवशी औषध दिले तर यश औषधाचे दिसते. दुसरा सापळा अधिक फसवा आहे. एकदा उतारावर धावून इजा झालेला स्नायू पुढच्या वेळी त्याच श्रमाने कमी दुखावतो. हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यामुळे "मागच्या शर्यतीनंतर औषध नव्हते, फार दुखले. या वेळी औषध घेतले, कमी दुखले" ही तुलना कितीही पटण्यासारखी असली तरी निरर्थक ठरते. यावर उपाय एकच आहे. सारख्याच धावपटूंचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकास उपचार व दुसऱ्यास केवळ विश्रांती द्यावी, आणि उडी मोजणाऱ्यास कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसावे. असे संशोधन करावयाचे तर धावपटूंची लेखी संमती, नीतिमत्ता समितीची मान्यता आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंद या गोष्टी टाळता येणार नाहीत.

आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. धावणाऱ्या प्रत्येकास आपण हळदीचे दूध सुचवितो. हळदीतील कर्क्युमिनवर झालेल्या काही लहान चाचण्यांत वेदना कमी झाल्याचे दिसले, बळाबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. म्हणजे नेमका आमच्या उमेदवाराचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. हळदीचाच एक इतिहास या संदर्भात स्मरावा. जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. "आमच्या आजीला हे ठाऊक होते" असे म्हणून ते रद्द झाले नाही. लिखित, प्रसिद्ध पुरावे सादर करावे लागले. लिहिलेले टिकते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

काय टाळावे

मोजमापाची चर्चा करताना सुरक्षिततेचे तीन मुद्दे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

थकलेल्या धावपटूस घाईने स्वेदन देण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात श्रान्त आणि तृषार्त या दोघांचाही समावेश अस्वेद्यांत केला आहे. मराठवाड्याच्या उन्हात पाच-दहा किलोमीटर धावून आलेला, वजनात घट झालेला रुग्ण हा एकाच वेळी श्रान्त आणि तृषार्त असतो. त्यास आधी सावली, पाणी व आहार द्यावा. वाग्भटांनी श्रमहर म्हणून गौरविलेला अभ्यंगही नंतरच.

मूत्र गडद, चहाच्या रंगाचे झाले, वेदना असह्य व दौर्बल्य वाढते असले, अथवा धावपटू भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर क्षणभरही न थांबता त्यास सर्व सोयींनी युक्त रुग्णालयात पाठवावे. स्नायू विरघळून वृक्क निकामी होण्याचा, अथवा उष्माघाताचा तो प्रसंग असू शकतो. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना कोसळून उमेदवार मृत्युमुखी पडले, हे विसरता येणार नाही. ग्रीष्मात अर्धशक्तीपेक्षाही कमी व्यायाम करावा हा ऋतुचर्येचा आदेश केवळ ग्रंथात ठेवण्यासाठी नाही.

तिसरा मुद्दा कुपीलूचा. कुचलायुक्त अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांसारखे कल्प "पायात जोर यावा" म्हणून मागितले जातात. कुचल्यातील स्ट्रिकनीन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे, आणि स्पर्धाकाळात ते आढळल्यास खेळाडूवर बंदी येऊ शकते. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्स यांना वाटेत स्ट्रिकनीन व ब्रँडी देण्यात आली होती. शर्यत संपली तेव्हा ते उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते. श्रम झाकणे आणि श्रम हरणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

एक आक्षेप आणि एक विनंती

आमच्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप आम्ही जाणतो. रुग्ण म्हणजे आकडा नव्हे, नाडी व मुखमुद्रा पाहूनच अनुभवी वैद्यास सर्व कळते, असे ते म्हणतात. त्यांच्या अनुभवाबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु त्या उमेदवाराची नाडी आम्हीही पाहिली होती, मुखमुद्राही प्रसन्न होती. आकडा वैद्याची जागा घेत नाही. वैद्याची कोठे चूक होत आहे, तेवढे तो दाखवितो. ज्यास आपल्या अनुभवाविषयी खात्री आहे, त्याने त्या खात्रीची परीक्षा द्यावयास भिण्याचे कारण नाही.

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या उभारणीस मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी सूक्ष्म असा फरक ती मोजणार आहे. त्यासाठी शास्त्रज्ञांना आधी त्या जागेच्या स्वतःच्या कंपनांची नोंद ठेवावी लागते, म्हणजे खरा संकेत त्यांतून वेगळा ओळखता येतो. धावपटूची विश्रांत अवस्थेतील उडी चार दिवस मोजून ठेवणे, हे याच न्यायाने आवश्यक आहे. जगातील अतिसूक्ष्म मापन जेथे व्हावयाचे, त्या तालुक्यातील वैद्याने भिंतीवर खडूची खूण करावयास अनमान करू नये.

म्हणून संघटनेच्या सदस्यांस आमची विनंती मर्यादित आहे. आपल्याकडे येणाऱ्या धावपटूंपैकी किमान दहा जणांची अशी नोंदवही वर्षभर ठेवावी. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा आपण वारकऱ्यांच्या पायांस तेल लावण्याची सेवा करतोच. त्या वेळी इच्छुकांची उठबस, सेवेपूर्वी आणि दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी, घड्याळ लावून नोंदवावी. सेवेत त्याने काही उणे येणार नाही. नोंदींतून आपल्या औषधांस अनुकूल निष्कर्ष निघाला तर आनंदच आहे. प्रतिकूल निघाला, तरी तो याच अंकांतून छापावा, असा आग्रह आम्ही धरू.

सावरपाड्यासारख्या डोंगरी पाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले, आणि माणदेशातील ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावल्या. अशा गुणवत्तेची मुले-मुली आपल्याही टेकड्यांवर असतील. त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पदक नसून एक नोकरी असते, आणि त्यांच्या घरच्यांच्या दृष्टीने तिचे मोल पदकाहून कमी नाही. ती आपल्याकडे विश्वासाने येतात आणि "धावू का?" एवढेच विचारतात. या प्रश्नाचे उत्तर यापुढे आम्ही त्यांची उडी मोजल्यावाचून देत नाही.